आधी नेलेल्या पाण्याचं काय झालं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत कॅनडातून बरीच पत्रं आली, बहुतेक नव्यानं तिकडं गेलेल्यांची, आणि फिरून फिरून प्रश्न एकच, की तिथल्या मूळ लोकांबरोबर काम करायची वेळ आलीय आणि आपल्याला त्यांच्याबद्दल धड काहीच माहीत नाही. मी स्वतः सोळा वर्षं तिथं पाणी तपासणीचं काम केलं, त्यातली बरीचशी वर्षं फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ लोकांतल्या सगळ्यात मोठ्या समाजाच्या, वस्त्यांमध्ये, त्यामुळं या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून हीच घेतेय.

प्रश्न : ताई, शाळेत आपण 'रेड इंडियन' असंच शिकलो. इथं ऑफिसात मी तो शब्द सहज बोलून गेलो आणि सगळे एकदम गप्प झाले. मग म्हणायचं तरी काय? (एक वाचक, सॅस्काटून)

तो शब्द आजपासून टाकूनच द्या. कोलंबसाला वाटलं आपण हिंदुस्थानला पोचलो, म्हणून त्यानं समोरच्या माणसांना इंडियन म्हटलं, आणि पाचशे वर्षं झाली तरी आपलं नाव त्यांना चिकटलेलंच आहे. कायद्याचं नाव अजूनही 'इंडियन ॲक्ट' आहे, १८७६ चा, त्यामुळं सरकारी कागदावर 'स्टेटस इंडियन' असं तुम्हाला दिसेल, आणि काही म्हातारी माणसं स्वतःला इंडियन म्हणतीलही. ते त्यांनी म्हणावं, आपण नाही.

सगळ्यांना मिळून बोलायचं तर 'इंडिजिनस'. त्यात तीन मोठे समाज येतात, फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेती. २०२१ च्या जनगणनेत हे सगळे मिळून अठरा लाखांवर होते, म्हणजे देशाच्या पाच टक्के. फर्स्ट नेशन्स सहाशे तीसच्या वर आहेत, भाषा पन्नासच्या वर, म्हणून 'त्यांची संस्कृती' असं एकवचनात बोलायला लागलात की समजा चुकलात. इन्युइट उत्तरेकडचे, एका माणसाला म्हणायचं तर इनुक, आणि एस्किमो हा शब्दही नको. मेती म्हणजे नुसतं 'अर्धे हे अर्धे ते' नाही, फरच्या व्यापाराच्या काळात तयार झालेला तो स्वतंत्र समाज आहे, त्यांची मिचिफ भाषा आहे, आणि त्यांचा पुढारी लुई रिएल याला १८८५ साली रेजायना इथं सरकारनं फाशी दिली.

सगळ्यात चांगलं म्हणजे त्या त्या लोकांचं स्वतःचं नाव घेणं. ज्यांना आपण क्री म्हणतो ते स्वतःला नेहियावाक म्हणतात. उच्चार सरळ विचारावा, कोणी हसत नाही. मी तर वहीत देवनागरीत लिहून घ्यायचे, इंग्रजी स्पेलिंगपेक्षा आपल्या लिपीत ते उच्चार कितीतरी नीट बसतात. आणि एक, 'कॅनडाचे इंडिजिनस लोक' असं म्हणू नका, ते कॅनडाचे नाहीत, कॅनडा त्यांच्या जमिनीवर आहे.

प्रश्न : ताई, मी सिव्हिल इंजिनियर, एडमंटनला येऊन दोन वर्षं झाली. कंपनीनं मला एका फर्स्ट नेशनच्या जमिनीलगत होणाऱ्या रस्त्याच्या प्रोजेक्टवर घेतलंय. दोन तासांचं ऑनलाइन ट्रेनिंग झालं, शेवटी क्विझ होती, दहापैकी दहा मिळाले. पण पुढच्या महिन्यात पहिली मीटिंग आहे आणि मला धडकी भरलीय. मॅनेजर म्हणतो नीट वाग म्हणजे झालं. नीट म्हणजे नक्की काय हो?

माझी पहिली मीटिंग सांगते, म्हणजे 'नीट' म्हणजे काय नाही ते तरी कळेल.

तळ्याकाठची वस्ती, जानेवारी महिना, कम्युनिटी हॉल. मी बावीस स्लाइड घेऊन गेले होते. मीटिंग दहाची, साडेअकरा झाले तरी लोक येतायत, कोपऱ्यात मोठ्या भांड्यात चहा, पोरं पळतायत. मग एका एल्डरनी, म्हणजे समाजातल्या मानाच्या जाणत्या माणसानं, त्यांच्या भाषेत प्रार्थना सुरू केली, ती बराच वेळ चालली आणि मी हळूच घड्याळ बघितलं, आणि समोर बसलेल्या आजींनी मला घड्याळ बघताना बघितलं. स्लाइड दाखवून झाल्या, काही प्रश्न आहेत का विचारलं, कोणी बोलेना, मला ती शांतता सोसेना म्हणून परत मीच बोलत सुटले. शेवटी त्या आजी म्हणाल्या, "तुमच्याआधी दोघं जण आले होते. आमच्या तळ्याचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेले. त्या पाण्याचं काय झालं?"

मला माहीतच नव्हतं. नंतर कळलं की मी ज्या कंपनीत होते तिनंच ते काम केलं होतं, रिपोर्ट सरकारी ऑफिसात जमा झाला, पैसे मिळाले, फाइल बंद, आणि ज्यांचं तळं त्यांना एक कागदसुद्धा कोणी पाठवला नाही. मी शोधून आणते म्हटलं. चार महिने लागले शोधायला. मग त्या रिपोर्टची सोप्या भाषेत दोन पानं केली, मोठ्या अक्षरात, कुठली बाटली तळ्याच्या कुठल्या टोकाची ते नकाशावर खुणा करून, आणि या वेळी स्लाइड न घेता गेले. आजींनी नकाशा फिरवून फिरवून बघितला, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथलं पाणी का नाही घेतलं, मासे अंडी तर इथं घालतात. ती जागा आमच्या कुठल्याच यादीत नव्हती. पुढच्या वेळी सॅम्पल घ्यायला त्यांचा नातूच होडी घेऊन आला.

आता पाण्याच्या चार बाटल्यांचं एवढं काय असं वाटेल. पण विनिपेग शहर १९१९ पासून शोल लेक या तळ्याचं पाणी पितंय, दीडशे किलोमीटर लांबून आणलेलं, आणि त्याच तळ्याकाठचं शोल लेक ४० नावाचं फर्स्ट नेशन त्या कामातल्या खोदाईमुळं तुटून बेटासारखं झालं. त्यांना पाणी उकळूनच प्या असा हुकूम १९९७ ला लागला तो सुटला सप्टेंबर २०२१ मध्ये, बारमाही रस्ता मिळाला तो २०१९ ला. म्हणजे शहरातला नळ शंभर वर्षं चालू आणि ज्यांचं तळं ते बाटलीतलं पाणी पीत होते. ऑन्टारिओतल्या नेस्कांटागा या फर्स्ट नेशनला तर १९९५ पासून हाच हुकूम आहे. २०१५ ला ट्रुडोंनी शब्द दिला की मार्च २०२१ पर्यंत असे सगळे जुने हुकूम संपवू, ती तारीख आली आणि गेली.

म्हणून मी तुम्हाला सांगेन की सणवार, पिसं, ढोल, ते सगळं पुढं कधीतरी, आधी फक्त एवढं शोधा की या लोकांना कुणी कुणी कुठले शब्द दिले आणि त्यांचं काय झालं. तुमच्या भागात ट्रीटी सिक्स आहे, म्हणजे सरकारनं क्री आणि इतर लोकांशी केलेला १८७६ चा करार. मूळ मजकूर लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. माणशी दरसाल ५ डॉलर, चीफला २५, शेतीची अवजारं, आणि इंडियन एजंटच्या, म्हणजे त्यांच्यावर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, घरी एक औषधाची पेटी. क्री लोकांचं म्हणणं की ती पेटी म्हणजे आरोग्याची जबाबदारी सरकारनं घेतली. आणि इंग्रजी कागदात जमीन 'सोडून दिली' असं लिहिलंय, पण एल्डर्स पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की आमच्या माणसांनी जमीन वाटून वापरायला होकार दिला होता, तीही नांगराचा फाळ जाईल इतकीच खोल, खालचं तेल नि खनिज कुणी दिलंच नव्हतं. तुम्ही अल्बर्टात आहात, या एका वाक्याचा अर्थ तिथं किती मोठा आहे तुम्हीच बघा.

ते ५ डॉलर अजून मिळतात बरं का. पाचच. ट्रीटी डेला लाल कोटातला पोलीस शेजारी उभा असतो, रांग असते, आणि प्रत्येकाच्या हातात पाच डॉलर पडतात. लोक ते घेतात कारण करार जिवंत आहे याची ती खूण. (ह्युरन सरोवराकडं १८५० चा रॉबिन्सन करार आहे, तिथं रक्कम १८७५ पासून माणशी ४ डॉलरवर अडकून पडली होती, खरं तर जमिनीचं उत्पन्न वाढलं की ती वाढवायचं करारातच होतं. कोर्टकज्जे करून करून २०२३ ला दहा अब्ज डॉलरची तडजोड ठरली.)

करारांनंतरचा काळ तर अजून वाईट. पॉटलॅच हा पश्चिम किनाऱ्यावरचा देण्याघेण्याचा मोठा सोहळा, त्यावर १८८५ ते १९५१ बंदी. १९२७ पासून १९५१ पर्यंत जमिनीचा दावा लावण्यासाठी परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणं गुन्हा होता, म्हणजे वकील लावायची सोयच नाही. प्रेअरीतल्या, म्हणजे गवताळ मैदानांतल्या, लोकांना १८८५ नंतर कित्येक वर्षं रिझर्व्हच्या, म्हणजे त्यांना राखून दिलेल्या जमिनीच्या, बाहेर जायला एजंटकडून पास घ्यावा लागायचा, ज्याला कायद्याचा आधारच नव्हता. आणि निवासी शाळा. साधारण दीड लाख मुलं आईबापांपासून तोडून नेली, भाषा बोलली की शिक्षा, हजारो परत आलीच नाहीत, शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे तुमच्यासमोर हॉलमध्ये पंचेचाळीस-पन्नाशीची जी माणसं बसतील त्यातली काही स्वतः त्या शाळेत होती. हे डोक्यात ठेवून गाडीतून उतरा. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र, तोंडात गोड भाषा, असा माणूस त्यांनी खूप वेळा बघितलाय.

आता कामाचं. २००४ च्या हाइडा नावाच्या फर्स्ट नेशनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यांच्या हक्कांना धक्का लागू शकेल असं काही करण्याआधी सरकारनं त्यांच्याशी सल्लामसलत केलीच पाहिजे. जबाबदारी सरकारची, पण रोजचं काम बऱ्याचदा कंपनीकडं येतं, म्हणून तुम्ही तिथं चाललाय. मॅनेजरला आधी एकच विचारा, ड्रॉइंगमध्ये अजून काय बदलता येतं? काहीच नसेल तर तुम्ही विचारायला नाही, सांगायला चाललाय, आणि ते हॉलमधल्या लहान पोरालाही पाच मिनिटांत कळतं. पत्र पाठवून तीस दिवसांत उत्तर द्या म्हणायचं हे तर सोडाच, बँड ऑफिसात, म्हणजे त्या फर्स्ट नेशनच्या कचेरीत, दोन माणसं असतात आणि टेबलावर वीस कंपन्यांची अशीच पत्रं.

कोणाशी बोलायचं हेही विचारून घ्या. बँड कौन्सिल ही इंडियन ॲक्टनं आणलेली निवडणुकीची पद्धत, आणि काही ठिकाणी परंपरेनं आलेले चीफ वेगळे असतात. ब्रिटिश कोलंबियात वेट्सुवेटेन लोकांच्या भागात हेच झालं, पाइपलाइनला बँड कौन्सिलांनी सह्या दिल्या, पण वंशपरंपरेच्या चीफनी नाही म्हटलं, आणि २०२० च्या सुरुवातीला देशभर रेल्वे अडकल्या. सही मिळाली म्हणजे संमती मिळाली असं समजू नका.

मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरला, मीटिंग ठेवू नका. गावात कोणी वारलं तर सगळं बंद असतं, तुमची मीटिंग पण, तेव्हा फोन करून 'नवी तारीख कधी' विचारू नका, काही मदत हवी का विचारा. शांतता पडली तर पडू द्या. आणि कधीतरी काही काम नसताना जा, मुलांचा हॉकीचा सामना बघायला जा, मासळीच्या जेवणाला बोलावलं तर जा. तुमची चेष्टा करायला लागले की समजा जमतंय, तिथं चेष्टा ही मायाच असते.

आणि तुम्ही त्या हॉलमध्ये 'बघून सांगतो' म्हणालात ना, की वहीत लिहा, तारखेसकट. उत्तर 'नाही' असलं तरी त्या तारखेला फोन करायचाच.

प्रश्न : मीटिंगच्या सुरुवातीला 'ही जमीन अमुक लोकांची' असं वाचून दाखवायची पाळी आता माझ्यावर आलीय. कागद तयार आहे, पण वाचताना मलाच खोटं खोटं वाटतं. नाही म्हणू का? (मिल वुड्स, एडमंटन)

नाही म्हणू नका, पण तो कागद ठेवून द्या. तुम्ही मिल वुड्सला राहता, तिथं आपली माणसं किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. ती सगळी जमीन पापास्चेस नावाच्या क्री बँडच्या रिझर्व्हमधली. १८८८ मध्ये ती सरकारनं त्यांच्याकडून लिहून घेतली, उरल्यासुरल्या मोजक्या माणसांच्या सह्यांवर, आणि त्यांचे वंशज आजही त्याबद्दल दाद मागतायत. तुमच्या भागातल्या एकोटा, सातू अशा वस्त्यांची नावं क्री भाषेतून आलेली, आपण रोज पत्ता म्हणून लिहितो. हे तुमच्या शब्दांत दोन वाक्यांत सांगा, मी पापास्चेस लोकांच्या जमिनीवर राहतो, ती त्यांच्याकडून अशी गेली, आणि आजच्या कामात आपण त्यांच्यासाठी हे हे करतोय. तिसरं वाक्य सांगता येत नसेल तर खोटं वाटतंय ते बरोबरच वाटतंय, आणि मग ते मीटिंगमध्येच बोलून दाखवा.

प्रश्न : आपणही दीडशे वर्षं इंग्रजांच्या राज्यात होतो, त्यामुळं मला त्यांचं दुःख आतून कळतं. हे त्यांना सांगितलं तर जवळीक होईल ना? (एक वाचिका, कॅलगरी)

तुमचा हेतू चांगला आहे, पण पहिल्याच भेटीत हे नको. इंग्रज १९४७ ला आपल्याकडून गेले. तिकडं ते गेलेच नाहीत, राहिले, आणि त्यांच्यामागून आपण गेलो, व्हिसा घेऊन, त्याच सरकारच्या परवानगीनं. आपली भाषा कोटींनी माणसं बोलतात, तिथल्या काही भाषा बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. आणि खरं सांगू का, आपल्याकडच्या आदिवासींना आपण कसं वागवलं हे एकदा स्वतःला विचारून मगच 'आम्ही पण भोगलंय' म्हणावं.

तुम्ही अजून नागरिक झाला नसाल तर शपथ नीट वाचा. जून २०२१ पासून तिच्यात फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेती यांचे मूळचे आणि करारातले हक्क मान्य करणाऱ्या संविधानाचा उल्लेख आहे, म्हणजे ते करार तुमच्यावरही बंधनकारक होतात, झेंडा हातात घेऊन फोटो काढता त्याच दिवशी. ओळख झाली की तेच विचारतील, तुझी माणसं कुठली, तुझी आजी कोण होती. तेव्हा सांगा सगळं, खूप आवडीनं ऐकतात.

प्रश्न : मी नर्स आहे, विनिपेगला. उत्तरेकडून विमानानं आणलेल्या पेशंटसोबत दहा-दहा नातेवाईक, म्हातारी माणसं प्रश्नाला उत्तरच देत नाहीत, औषधाला सरळ नाही म्हणतात. मी चिडत नाही, पण काय करावं कळत नाही.

नातेवाईकांची गर्दी आपल्याला नवी आहे का? त्यांच्यातलं कोण बोलणार एवढं विचारून घ्या आणि बाकीच्यांना बसू द्या.

भीतीचं कारण मात्र समजून घ्या. १९५० च्या दशकात सी. डी. हाउ नावाचं जहाज इन्युइट वस्त्यांना जायचं, जहाजावरच एक्सरे काढायचे, टीबी निघाला की तिथूनच दक्षिणेला न्यायचे, कित्येकदा घरच्यांचा निरोप घ्यायलासुद्धा खाली उतरू द्यायचे नाहीत. किती तरी माणसं तिकडंच वारली आणि कुठं पुरली हे घरच्यांना कळवलंच नाही. सरकारनं माफी मागितली ती मार्च २०१९ मध्ये. तुमच्यासमोरच्या आजोबांची आई त्या जहाजानं गेली असेल, तर दवाखाना म्हणजे त्यांच्यासाठी काय असेल?

आणि हे फार जुनंही नाही. तुमच्याच शहरात २००८ मध्ये ब्रायन सिंक्लेअर हा व्हीलचेअरवरचा इंडिजिनस माणूस इमर्जन्सीत चौतीस तास बसून राहिला आणि बसल्या जागी गेला. साधं लघवीचं इन्फेक्शन, बरं होण्यासारखं. कोणाला वाटलं प्यायलाय, कोणाला वाटलं थंडीतून आडोशाला आलाय. जॉर्डन अँडरसन हा नॉर्वे हाउस क्रीचा मुलगा, दोन वर्षांचा असताना घरी जाऊ शकला असता, पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्रानं द्यायचा की प्रांतानं यावर वाद चालू राहिला आणि तो २००५ ला पाचव्या वर्षी हॉस्पिटलातच वारला. त्याच्या नावानं आता 'जॉर्डन्स प्रिन्सिपल' आहे, आधी मुलाला सेवा द्या, बिल कोणाचं ते नंतर ठरवा. तुमच्या वॉर्डात असं मूल आलं तर हा शब्द तुम्हीच आधी उच्चारा, घरच्यांना बऱ्याचदा माहीत नसतो.

बाकी लहान गोष्टी. प्रश्न विचारून थांबा, मनात वीसपर्यंत मोजा. नजरेला नजर देत नाहीत म्हणजे लपवतायत असं नाही, बऱ्याच ठिकाणी तो आदर असतो. उशाशी औषधी पानांची किंवा पवित्र वस्तूंची पुरचुंडी असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका, देवघरातल्या वस्तूला कोणी परक्यानं हात लावला तर आपल्याला कसं वाटेल. सेज ही सुगंधी वनस्पती जाळून धूप घ्यायचा असेल तर परवानगी कुठं नि कशी मिळते ते आधीच माहीत करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी 'बघते' म्हणायची पाळी येणार नाही.

प्रश्न : ३० सप्टेंबरच्या कार्यक्रमाला एका एल्डरना बोलवायचंय. तंबाखू देतात म्हणे, ते खरं का? आणि मानधन विचारणं बरं दिसतं का?

खरं, पण सगळीकडं नाही. क्री, अनिशिनाबे आणि अजून काही लोकांमध्ये विनंती करताना तंबाखू देतात, ती कार्यक्रमाच्या दिवशी नाही, बोलवायला जाताना, आणि त्यांनी हातात घेतली म्हणजे हो. इन्युइट लोकांत ही पद्धत नाही. त्यामुळं त्यांच्या ऑफिसात फोन करून आधी विचारा. एल्डर म्हणजे नुसतं वय झालेला माणूस नाही हेही लक्षात असू द्या, ते समाजानं मानलेलं स्थान आहे.

तो दिवस निवासी शाळांच्या आठवणीचा आहे. त्या दिवशी घालायचा केशरी शर्ट आला तो फिलिस वेबस्टॅड यांच्या आठवणीतून, १९७३ ला सहा वर्षांच्या असताना आजीनं घेऊन दिलेला नवा शर्ट शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला, परत मिळाला नाही. म्हणून एल्डरना 'तुमच्या शाळेतला अनुभव सांगा' असं म्हणू नका, काय बोलायचं ते त्यांच्यावर सोडा, आणि बोलून झाल्यावर लगेच प्रश्नोत्तरं ठेवू नका.

मानधन जरूर विचारा, कुठल्याही वक्त्याला देता तेवढं तरी द्याच, शिवाय जाण्यायेण्याची गाडी, सोबत येणाऱ्या माणसाचं जेवण. पाकीट त्याच दिवशी हातात द्या. इन्व्हॉइस पाठवा, तीस दिवसांत पैसे जमा होतील, असं सांगून त्यांना परत पाठवू नका.